शाळेतलं अंडं आणि घरातली माळ

वाचकाचं पत्र:

ताई, मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावात राहते. मुलगी तिसरीत, मुलगा सहावीत, दोघंही जिल्हा परिषदेच्या शाळेत. मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. मध्यंतरी शाळेत आठवड्यातून एकदा अंडं मिळायचं, ते बंद झालं. आता गावातला एक पोल्ट्रीवाला दर आठवड्याला अंडी द्यायला तयार झाला आहे. त्यावरून बैठकीत जोरात वाद झाला. काही जण म्हणाले, शाळेत असलं काही शिजता कामा नये. दुसरे म्हणाले, आमच्या पोरांच्या तोंडचा घास का काढता? शेवटी मुख्याध्यापक म्हणाले, सगळ्यांनाच केळी देऊ, म्हणजे वाद मिटेल. पुढच्या बैठकीत निर्णय आहे. आमच्या घरी सासू-सासरे माळकरी, घरात अंडं येत नाही. पण वर्गातली काही मुलं मी रोज बघते, हातापायांच्या काड्या झालेल्या. मी काय बोलू? माळकरी घरातल्या बाईने अंड्याच्या बाजूने बोलावं का? आणखी एक. मुलगी शाळेतली खिचडी टाकून देते आणि दुकानातून पाच रुपयांचं पाकीट घेऊन खाते. परवा तिने विचारलं, ‘आई, शाळेत अंडं दिलं तर मी खाल्लेलं चालेल का?’ मला उत्तर देता आलं नाही.

प्रिय ताई,

बोला, आणि तुम्हीच बोला. अंडी खाणाऱ्या घरातली बाई बोलली, तर ‘तिला काय, तिच्या घरी चालतंच’ म्हणून लोक मोकळे होतील. तुम्ही उभ्या राहिलात तर ऐकून घ्यावं लागेल, कारण तुम्ही स्वतःच्या लेकरांसाठी काही मागत नाही आहात. दुसऱ्याच्या पोराच्या ताटाबद्दल बोलायला गळ्यातली माळ आड येत नाही.

आता मुख्याध्यापकांच्या तोडग्याबद्दल. त्यांची अडचण मला कळते. पट टिकवायचा, गाव सांभाळायचं, आहाराच्या नोंदी रोजच्या रोज भरायच्या, भाजीपाल्याचे पैसे वेळेवर आले नाहीत तर प्रसंगी पदरचे घालायचे. त्यात हा वाद त्यांना नकोच असणार. पण सगळ्यांना केळी दिल्याने भांडण मिटेल, उणीव भरून निघणार नाही. साधारण ५० ग्रॅमच्या एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात आणि तीही शरीर सहज वापरू शकतं अशी. शिवाय ब-१२ आणि अ जीवनसत्त्व. मध्यम केळ्यात प्रथिनं एखादाच ग्रॅम. केळं चांगलंच आहे, मुलांना जरूर द्या, पण अंड्याच्या बदली केळं म्हणजे प्रथिनाच्या बदली साखर आणि पिष्ट. पिष्ट तर तांदळाच्या खिचडीतून मुलांना आधीच भरपूर मिळतं.

हा हिशेब समितीवरच्या प्रत्येकाला तोंडपाठ हवा, म्हणून जरा सविस्तर सांगते. सरकारी निकषाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलाला दुपारच्या जेवणातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. सहावी ते आठवीला ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम. लहान मुलामागे तांदूळ १०० ग्रॅम, डाळ किंवा कडधान्य २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम. मोठ्यांना तांदूळ १५० ग्रॅम, डाळ ३० ग्रॅम, भाजी ७५ ग्रॅम, तेल साडेसात ग्रॅम. आता लहान मुलाच्या ताटातले ते १२ ग्रॅम येतात कुठून ते बघा. शंभर ग्रॅम तांदळातून सात ग्रॅमच्या आसपास, वीस ग्रॅम डाळीतून पाचेक ग्रॅम. झाले बारा. म्हणजे निम्म्याहून जास्त प्रथिनं तांदळाची, आणि उरलेली सगळी भिस्त त्या वीस ग्रॅम डाळीवर. ज्या दिवशी डाळ कमी पडते त्या दिवशी ताट भरलेलं दिसतं, पोटही भरतं, पण अंगाला लागेल असं त्यात फारसं काही नसतं.

तेव्हा अंड्याचा निकाल काहीही लागो, एक काम उद्यापासून सुरू करा. आठवड्यातून एखादा दिवस, न सांगता, खिचडी चढायच्या आधी शाळेच्या स्वयंपाकघरात जा. पहिली ते पाचवीची ६० मुलं हजर असतील तर तांदूळ ६ किलो, डाळ १ किलो २०० ग्रॅम, भाजी ३ किलो, तेल ३०० ग्रॅम. डोळ्यांदेखत वजन करायला सांगा. तीन किलो भाजी म्हणजे चार बटाटे आणि दोन टोमॅटो नव्हेत, चांगली मोठी पाटी भरते. हे करताना स्वयंपाकीण बाईंवर चोरीचा आळ येईल असा सूर चुकूनही लागू देऊ नका. तुटपुंज्या मानधनावर त्या एवढ्या मुलांचं रांधतात. माल कमी आला असेल तर त्या बिचाऱ्या काय करणार? उलट त्यांच्याकडूनच तुम्हाला सगळं कळेल, डाळ किती येते, कधी संपते, कुठल्या महिन्यात मालच येत नाही.

समितीवरच्या माणसाने असं जाणं म्हणजे नाक खुपसणं नव्हे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असाव्यात असं म्हटलं, ते सह्या करण्यापुरतं नाही. बिहारमध्ये छपऱ्याजवळच्या एका गावात जुलै २०१३मध्ये शाळेतल्या जेवणात कीटकनाशक मिसळलं गेलं आणि २३ मुलं दगावली. मुलांना वाढण्याआधी शिक्षकासह मोठ्या माणसांनी जेवण चाखायचं, हे आज केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांतच लिहिलेलं आहे. चव नोंदवहीत सही करण्याआधी खरोखर चार घास खा.

आता मूळ वादाकडे येते. ज्यांचा विरोध आहे त्यांची टिंगल करू नका, कुणी करत असेल तर थांबवा. वारकरी, जैन, लिंगायत घरांत अंडं न खाणं हे पिढ्यान् पिढ्या सांभाळलेलं व्रत आहे. त्या माणसांना दोन गोष्टींची धास्ती असते. आपल्या पोराच्या पानात नकळत काही येईल, आणि भांडी एक होतील. दोन्ही धास्ती रास्त आहेत आणि दोन्हींवर उपाय आहे. खिचडी, उसळ, आमटी यांत अंडं कधीच घालायचं नाही. सगळ्यांचं जेवण एकच, एकाच पातेल्यातलं, एकाच पंगतीत. अंडी वेगळ्या, खूण केलेल्या पातेल्यात उकडायची आणि जेवण वाढून झाल्यावर ज्याला हवं त्याच्या हातात द्यायची. स्वयंपाकीण बाई स्वतः माळकरी असतील तर त्यांना आधी विचारा, त्यांच्यावर जबरदस्ती नको. समितीतलं दुसरं कुणी त्या दिवशी अर्धा तास येऊन उकडून देऊ शकतं.

अंडा पुलाव मुळीच नको. सरकारी पाककृतींत तो आहे, ऐकायलाही छान वाटतो. पण पुलावात साठ मुलांमागे साठ अंडी पडली की पंधरा, हे कुणालाच दिसत नाही. उकडलेलं अख्खं अंडं मोजता येतं. त्यात पाणी घालता येत नाही, ते पातळ करता येत नाही, सोलून हातात दिलं की त्या मुलाचं त्याला मिळालं. जेवणात भेसळ आणि काटछाट याच खऱ्या तक्रारी असतात तिथे या गुणाची किंमत मोठी आहे. उकडण्याआधी पाण्यात टाकून तरंगणारी बाजूला काढा, चांगली दहा-बारा मिनिटं उकडा, त्याच दुपारी संपवा, उरलेली दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका.

आणि जी मुलं अंडं खात नाहीत त्यांना केळ्यावर वाटेला लावायचं नाही. त्यांच्याही हाडामांसाची वाढ व्हायचीच आहे. तुमच्या जिल्ह्याची शेंगाचटणी राज्यभर जाते, तिथे शेंगदाण्याची काय वाण? पंचवीस ग्रॅम भाजलेले शेंगदाणे म्हणजे सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, अंड्याच्या तोडीला येतात. गुळात कुटून लाडू वळले तर मुलं आवडीने खातात आणि खर्च अंड्यापेक्षा कमीच येतो. शेंगदाण्यात ब-१२ नाही, ते दुधातून मिळतं, म्हणून जमेल तेव्हा पेलाभर दूध जोडा. मग केळं दिलंत तरी हरकत नाही, सोबत म्हणून. कुणाला अंड्याची किंवा शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का, एवढं मात्र पालकांना आधी विचारून घ्या.

पालकांकडून एकदाच लेखी घ्या, अंडं हवं की लाडू. मुलांना वर्गात हात वर करायला लावू नका, वेगळ्या रांगेत बसवू नका. कोण काय खातं यावरून लेकरांच्या रांगा पाडणं शाळेत तरी होऊ नये. काही वर्षं मी शाळांमधून आहाराबद्दल बोलत हिंडले आहे. एका शाळेत लाडूवाली मुलं मुद्दाम व्हरांड्याच्या टोकाला बसवली होती. महिन्याभरात त्यांतली काही मुलं त्या दिवशी शाळेतच येईनाशी झाली.

बैठकीत कुणी म्हणेल की असा वाद कुठे सुटलेला नाही. तुमच्या शेजारीच सुटला आहे. अक्कलकोटच्या पलीकडे कलबुर्गी, विजयपुरा. तिकडे सोयरीक असलेली घरं तुमच्या गावातही असतील. कर्नाटकाने डिसेंबर २०२१मध्ये याच उत्तरेकडच्या जिल्ह्यांत शाळेत अंडी सुरू केली, तेव्हा काही मठांनी कडाडून विरोध केला. कोप्पळ जिल्ह्यात मुलीच पुढे येऊन बोलल्या की अंडं आम्हाला हवं आहे. सरकारने ते चालू ठेवलं, न खाणाऱ्यांना केळं किंवा चिक्की दिली आणि पुढच्याच वर्षी योजना राज्यभर नेली. निवड मुलांवर सोडली तेव्हा बहुतेकांनी अंडंच घेतलं. तामिळनाडूत तर शाळेच्या ताटात आठवड्याचे पाचही दिवस अंडं असतं.

आपल्याकडे काय झालं तेही बैठकीत स्पष्ट सांगा, कारण ‘सरकारने बंदी घातली’ असा समज गावोगाव पसरला आहे. नोव्हेंबर २०२३मध्ये राज्य सरकारने आठवड्यातून एकदा अंडं आणि न खाणाऱ्याला फळ द्यायचं ठरवलं. जानेवारी २०२५मध्ये त्यासाठीचे पैसे देणं थांबवलं आणि हवं असेल तर लोकवर्गणीतून करा असं सांगितलं. बंदी नाही, पैसे काढून घेतले. मला हा निर्णय पटलेला नाही. केंद्राच्या कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली आणि ६९ टक्के मुलांच्या अंगात रक्त कमी. ती मुलं आता मोठी झाली आहेत, पहिली-दुसरीपासून पाचवी-सहावीपर्यंतच्या बाकांवर बसली आहेत. तुम्हाला दिसलेल्या काड्या त्याच. अशा राज्याने अंड्याचा खर्च गावाच्या वर्गणीवर सोडावा याचं मला वाईट वाटतं. ज्या गावात वर्गणी जमते तिथल्या मुलांना बहुधा गरज कमी असते, आणि जिथे गरज जास्त तिथे वर्गणी मागायची कुणाकडे?

म्हणून पोल्ट्रीवाल्याची अंडी घ्या, मनापासून आभार माना, पण तेवढ्यावर थांबू नका. दर उतरले, रोग आला, त्यांची बॅच संपली, तर अंडी थांबतील आणि मुलांचा हिरमोड होईल. ग्रामपंचायतीने स्वनिधीतला १० टक्के हिस्सा महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो. समितीचा ठराव करून त्यातून अंडी आणि शेंगदाणा लाडू दोन्ही मागा. अंड्याला सहा-सात रुपये धरले तर साठ मुलांचा आठवड्याचा खर्च चारशेच्या आसपास येतो. गावजेवणाच्या एका पंगतीत याच्या कितीतरी पट जातात. आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र द्या की सरकारने निधी पुन्हा सुरू करावा. एका समितीच्या पत्राने काय होणार, असं कुणी म्हणेल. १९९५ साली शाळेतल्या आहाराची योजना आली तेव्हा मुलांना महिन्याला तीन किलो कोरडा तांदूळ घरी मिळायचा, तुमच्या गावातल्या तिशी-पस्तिशीच्या माणसांना तो आठवत असेल. शाळेत शिजवलेलं गरम जेवण द्यायलाच हवं हा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी दिला, तो लोक भांडले म्हणून. देणगीदारांबद्दल एक अट घाला. अंडं हातात धरलेल्या मुलांबरोबर कुणाचाही फोटो काढायचा नाही, ना पोल्ट्रीवाल्याचा, ना सरपंचांचा.

बैठकीत फार लांब बोलू नका. एवढं पुरे: ‘आमच्या घरी अंडं येत नाही, माझी मुलं लाडू घेतील. पण पंगतीत बसलेलं कुणाचंच पोर अर्धपोटी उठता कामा नये. खिचडी सगळ्यांची एक राहील, अंडं वेगळ्या भांड्यात राहील, ज्याचं त्याला मिळेल.’ मग पातेल्याची, वजनाची आणि ग्रामपंचायतीच्या निधीची गोष्ट काढा. धर्मावर कुणी घसरलं तर उत्तर देऊ नका. बोलणं पुन्हा पातेल्यावर आणा. जमल्यास ज्यांची मुलं खरोखर शाळेच्या जेवणावर आहेत अशा दोन-तीन बायांना सोबत घेऊन जा. ऊसतोडीला किंवा मजुरीला जाणाऱ्या घरांतलं बैठकीला कुणी नसतं, आणि जोरात बोलणाऱ्यांची मुलं बरेचदा घरून डबा आणतात.

आता तुमच्या लेकीबद्दल. ती खिचडी का टाकते, हे तिला रागावून विचारू नका. एक दिवस तिच्या शेजारी मांडी घालून तीच खिचडी खा. रोज तीच चव, कधी अळणी, कधी तिखटजाळ, कधी खाली लागलेली, असं काहीतरी सापडेल. मीठ, लिंबाची फोड, वरून थोडी कोथिंबीर, आठवड्यातून दोनदा मटकीची किंवा हरभऱ्याची उसळ, एवढ्याने खूप फरक पडतो. लिंबाने डाळ-भाजीतलं लोहही अंगी जास्त लागतं. शाळेच्या आवारात शेवगा लावा. तुमच्याकडच्या मातीत तो जोमाने येतो, कोवळा पाला मूठभर खिचडीत गेला तरी कुणाच्या लक्षात येत नाही.

पाकीट मात्र बंदच व्हायला हवं. मीठ, तेल आणि मैदा किंवा मक्याचं पीठ यापलीकडे त्यात काही नाही. त्याने भूक मरते आणि दुपारचं ताट परत जातं. मधल्या सुट्टीत भूक लागते हे खरं, म्हणून पाच रुपयांऐवजी दप्तरात फुटाणे, शेंगदाणे-गूळ, पेरू, बोरं द्या. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२०च्या नियमांनी शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरपर्यंत असले जास्त मीठ-साखर-तेलाचे पदार्थ विकायला मनाई आहे. पण दुकानदार गावचाच असणार, त्याच्यावर कायदा उगारून जाऊ नका. समितीच्या बायकांनी मिळून सांगा की राजगिऱ्याचे लाडू, चिक्की, फुटाणे ठेव, आम्ही मुलांना तेच घ्यायला सांगू. त्याला धंदा हवा आहे, तो कशाचा याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. नाहीच ऐकलं तर मग नियम दाखवा.

आणि तिचा प्रश्न, मी खाल्लेलं चालेल का. आठ-नऊ वर्षांच्या मुलीने चोरून न खाता आईला विचारलं, याबद्दल आधी तिला जवळ घ्या. निर्णय तुमच्या घराचा आहे. तुम्ही नको ठरवलंत तर तिला कारण सांगा आणि तिच्या हातात लाडू पडेल याची खात्री करा, म्हणजे इतरांकडे बघत बसायची वेळ येणार नाही. हो म्हणायचं ठरवलंत तर सासूबाईंना आधी तुम्ही सांगा. मुलीला ‘आजीला सांगू नकोस’ असं शिकवू नका. बरेचदा म्हातारी माणसं आपल्याला वाटतं त्याहून समजूतदार निघतात. बहात्तरच्या दुष्काळात वाटलेल्या सुकडीवर दिवस काढलेली ही पिढी आहे, पोराच्या ताटात काही पडणं म्हणजे काय हे त्यांना सांगावं लागत नाही. त्यांनी नाही म्हटलं तर तेही मान्य करा. शाळेत तुम्ही इतरांच्या निवडीसाठी उभ्या राहणार आहात, तशीच ही घरातली निवड. मुलगी चौथी-पाचवीत गेली की पुन्हा विचारेल, तेव्हा पुन्हा बोला.

बैठकीच्या आधी मुख्याध्यापकांना एकटं गाठून हे सगळं दाखवा, वेगळ्या पातेल्याची योजनाही. चारचौघांत अचानक ऐकलं तर ते केळ्यांवरच अडून बसतील.